दुसऱ्या गावचा चांद आणि आपल्या जमातीचा ग्रुप

सड्यावरची लेक
१६ एप्रिल २०२४

अस्सलामु अलैकुम, नमस्कार.

मी दापोली तालुक्यातली, समुद्राकाठच्या एका मोहल्ल्यातली. शाळेत शिकवते. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं आमच्या मशिदीत बांग दिली. आता त्यांचं वय ७६. बांग द्यायचं सोडलं, पण २९व्या संध्याकाळी सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, चढायचं सोडलेलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचा महिना २९चा की ३०चा हे चांद दिसण्यावर ठरतं. म्हणून रमजानच्या २९व्या रोज्याला सूर्य बुडायच्या आत पाच-सहा माणसं गावावरच्या सड्यावर जाऊन उभी राहतात. तिथून पश्चिमेला मधे एक झाड नाही, सरळ समुद्र. खजूर आणि पाण्याची बाटली सोबत घ्यायची, रोजा तिथंच सोडायचा. लहानपणी मीही बाबांचं बोट धरून जायची. ते म्हणायचे, सूर्य कुठं बुडाला ती जागा आधी डोळ्यांत धर, मग तिथून हळूहळू वर बघत जा, घाई करू नकोस.

यंदा २९वा रोजा ९ एप्रिलला, मंगळवारी आला. त्याच दिवशी गुढीपाडवा होता. आदल्या रात्री बाराच्या जरा आधी अमावास्या संपली होती. अमेरिकेत जे खग्रास सूर्यग्रहण दिसलं ते याच अमावास्येचं. म्हणजे आमच्याकडे सूर्य बुडाला तेव्हा चांद जेमतेम १९ तासांचा होता. एवढा कोवळा चांद, त्यात एप्रिलची धुरकट हवा. बाबा आणि बाकीचे पाच जण सव्वासातपर्यंत उभे होते. दिसला नाही.

ते खाली उतरेपर्यंत गावात ईद झाली होती.

आमच्या जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशेच्या वर माणसं आहेत. गावातली, मुंबईतली, कुवेत-दुबईतली. बाबा सड्यावर असतानाच तिथं पहिला निरोप पडला की केरळात चांद झाला. त्यामागून काश्मीर आणि लडाखचा. मग कुणीतरी फोटो टाकला, काळ्या आभाळात ठसठशीत कोर. १९ तासांचा चांद असा दिसतच नाही, तो फोटो कुठल्यातरी जुन्या तिसऱ्या-चौथ्या रात्रीचा होता. पण फोटो आल्यावर कोण विचारतंय. दहा मिनिटांत चांद मुबारकचे शंभरेक निरोप. मुली मेंदी काढायला बसल्या. शीरखुर्म्यासाठी खारका भिजत पडल्या, सांदणाचं पीठ आंबवायला ठेवलं. तरावीहला, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या जादा नमाजाला, मशिदीत दोन रांगाही भरल्या नाहीत. रात्री उशिरा मुंबईहून कळलं की तिकडेही चांद झाला नाही, ईद ११ तारखेला. तोवर आमच्या शेजारची फुफी झोपून गेली होती. तिला वाटलं उद्या ईद, सेहरी (रोज्याआधीचं पहाटेचं जेवण) कशाला. ७० वर्षांच्या बाईनं तिसावा रोजा सेहरीशिवाय काढला, एप्रिलच्या उन्हात. तीन घरांनी केरळाबरोबर १० तारखेलाच ईद केली. बाकीच्यांनी ११ला. एकाच बोळात दोन ईद झाल्या, आणि अजून त्या घरांत नीट बोलणं नाही.

मला लागलं ते वेगळंच. मशिदीच्या पायरीवर बाबा म्हणाले, "आम्हाला दिसला नाही." तेव्हा १९ वर्षांचा एक मुलगा, माझ्याच वर्गात शिकून गेलेला, म्हणाला, "चाचा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिकडे हजारो लोकांनी बघितला." मुलगा वाईट नाही. पाची वेळा मशिदीत असतो. त्याला खरोखर वाटत होतं की हजार जण बाबांच्या विरुद्ध साक्ष देतायत. बाबा काही बोलले नाहीत. चप्पल घातली आणि घरी आले.

मी फोनच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगते. मार्च २०२०मध्ये कुवेतच्या मशिदी बंद झाल्या, तेव्हा तिथल्या मुअज्जिनांनी बांगेत "नमाजाला या" ऐवजी "नमाज आपापल्या घरात पढा" असं म्हटलं. माझ्या भावानं ते रेकॉर्ड करून पाठवलं. बाबांनी फोन कानाला लावून तीन वेळा ऐकलं आणि रडले. त्यांनी हे शब्द किताबात वाचले होते, पुराच्या-वादळाच्या वेळी असं म्हणायची परवानगी आहे म्हणून. कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. पुढे २५ एप्रिलपासून आपलाही रमजान बंद मशिदीत गेला. मशिदीत चार-पाच माणसं आणि बाकी सगळं गाव घरात. तेव्हा याच ग्रुपवर कुणाच्या घरी शिधा नाही, कुणाचं औषध संपलंय हे कळत होतं. तो ग्रुप नसता तर काही घरांत उपासमार झाली असती.

म्हणून ग्रुप बंद करा असं कुणी सांगू नका. मला विचारायचंय ते हे: तुमच्या जमातीत चांदाची खबर ग्रुपवर कोण टाकतं? त्याला काही नियम आहे का? आणि आम्ही शाफई मजहबाचे (मजहब म्हणजे इस्लामी कायद्याची एक परंपरा), केरळातले बहुतेकही शाफई, मग त्यांचा चांद आम्हाला का नाही, असं पोरं विचारतात तेव्हा त्यांना समजेल असं उत्तर काय द्यायचं? बकरी ईदच्या चांदाआधी मला जमातीपुढे काहीतरी लेखी ठेवायचंय.

---

माहीमचे चाचा
१६ एप्रिल २०२४

बेटी, तुझ्या वडिलांना माझा सलाम सांग. मी मूळचा श्रीवर्धनकडचा, पन्नास वर्षं माहीमला, मखदूम साहेबांच्या दर्ग्यापासून चालत पाच मिनिटांवर. आलिम, म्हणजे धर्माचा पंडित, नाही. पण तरुणपणी चांदरातीला बुजुर्गांच्या मागे बसून खूप ऐकलंय, ते लिहितो.

हा झगडा तुमच्या ग्रुपनं सुरू केलेला नाही. तारेचं यंत्र आलं तेव्हा उलेमांपुढे पहिला प्रश्न हाच आला की तारेनं आलेली चांदाची खबर धरायची का. बहुतेकांनी सांगितलं, तार म्हणजे साक्ष नव्हे. तार कुणाच्या हातून गेली, कुणी वाचली, कुणाला ठाऊक? मग टेलिफोन आला. फोनवर तर आवाज येतो, मग? त्यावर फिकहमधला, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातला, जुना कायदा पुढे आला. पडद्याआडून बोलणाऱ्याचा आवाज साक्षीला धरत नाहीत, कारण एकाचा आवाज दुसऱ्यासारखा असू शकतो. साक्षीदारानं समोर यावं, काझीनं त्याचं तोंड बघावं, विचारावं: कुठं उभा होतास, कोर कुठल्या बाजूला वळलेली होती, बरोबर कोण होतं. मी तरुण असताना मला हा कायदा फार जुनाट वाटायचा. आता नातू मला मशिनीनं बनवलेले आवाज ऐकवतो. ज्यांनी तो कायदा लिहिला त्यांच्यासाठी मी दुआ करतो.

पण फोनला दार अगदी बंदही नव्हतं. दुसऱ्या गावची खबर वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या पुष्कळ माणसांकडून आली, इतकी की सगळे मिळून खोटं बोलतील हे मनाला पटेना, तर ती धरतात. त्याला इस्तिफाजा म्हणतात. हा शब्द तुझ्या त्या मुलाला समजावून सांग. तो हजार म्हणतोय, ते हजार नाहीत. एका माणसानं लिहिलं आणि ९९९ जणांनी पुढे ढकललं, तर साक्षीदार एकच, आणि तोही बिननावाचा. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, इल्ममध्ये आपल्या बुजुर्गांनी आयुष्यं घातली ती याच्यासाठीच, की ही गोष्ट कुणी कुणाकडून ऐकली, मधला माणूस कसा होता. ज्या उम्मतीनं प्रत्येक रावीचं (हदीस सांगणाऱ्याचं) नाव, गाव, स्वभाव लिहून ठेवला, तिच्या पोरांनी फॉरवर्डचे दोन बाण बघून साक्ष मानावी याचं मला फार दुःख होतं.

केरळाचं उत्तर. सहीह मुस्लिम या हदीसच्या किताबात कुरैब यांची हकीकत आहे. ते शामला (सीरियाकडे) गेले होते, तिथं शुक्रवारच्या रात्री चांद झाला, त्यांनी स्वतः पाहिला. महिनाअखेर मदिन्याला परतले. पैगंबरांचे सोबती इब्न अब्बास यांनी विचारलं, तुम्ही चांद कधी पाहिला? त्यांनी सांगितलं. इब्न अब्बास म्हणाले, आम्ही शनिवारच्या रात्री पाहिला, आम्ही तीस पुरे करू किंवा चांद बघू. कुरैब म्हणाले, (शामचे हाकिम) मुआवियांचं पाहणं आणि त्यांचा रोजा तुम्हाला पुरेसा नाही का? तर म्हणाले, नाही, रसूलुल्लाहंनी आम्हाला असंच शिकवलंय. बघ, कुरैब खोटं बोलतायत असं इब्न अब्बास म्हणाले नाहीत. शामचा चांद खरा होता. शामचा होता. शाफई मजहबात लांबच्या मुलखाचा मतला, म्हणजे चांद उगवायची जागा, वेगळा मानतात तो याच आधारावर. हनफी या दुसऱ्या मजहबाचं जुनं मत वेगळं आहे, तेही आदरानं सांगावं.

---

खेडवाला २४
१७ एप्रिल २०२४

चाचांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं, पण मला त्या १९ वर्षांच्या मुलाच्या बाजूनंही थोडं बोलायचंय, कारण तीन वर्षांपूर्वी मी तोच होतो.

आमच्या गावातला मकतबचा (मुलांच्या धर्मशाळेचा) मौलाना बिहारचा, हनफी. चांगला माणूस, पण आपल्या मजहबाचे मसले त्याला ठाऊक नव्हते. मी विचारायचं कुणाला? यूट्यूबला. तिथं उर्दूत जे मिळतं ते बहुतेक सगळं उत्तरेकडचं. बरेलवी, देवबंदी, अहले हदीस, त्यांचे आपसांतले वाद. कोकणातला शाफई त्यात कुठंच नाही. त्यामुळं एक दिवस मी दादांना सांगितलं की तुम्ही फजरच्या (पहाटेच्या) नमाजात कुनूत ही दुआ पढता ते चूक आहे. माझे दादा ८० वर्षांचे, त्यांचे दादाही तेच पढत आलेले. त्यांनी फक्त विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मला त्या वक्त्याचं नावसुद्धा सांगता आलं नाही. दीड मिनिटाची क्लिप होती.

असरचं, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाचंही, तसंच. नमाजाच्या वेळांचं ॲप घेतलं की बऱ्याचदा भारत निवडल्यावर असर हनफी हिशेबानं येते. हनफी मतानं वस्तूची सावली दुप्पट झाल्यावर असर लागते, शाफई मतानं एकपट झाल्यावर. एप्रिलमध्ये आपल्याकडे यात तासाभराहून थोडा जास्त फरक पडतो. सेटिंगमध्ये एक ओळ बदलायची असते, पण ती ओळ आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आई दोन वर्षं मशिदीची असरची बांग ऐकून म्हणायची, आज बांग लवकर झाली. ॲपवर तिचा विश्वास जास्त. (त्याच ॲपांबद्दल आणखी एक गोष्ट. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन पत्रकारांनी उघड केलं की मुस्लिम प्रो या ॲपमधून लोक कुठं आहेत याची माहिती एका दलाल कंपनीकडे जात होती, आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. नंतर ॲपवाल्यांनी तो व्यवहार थांबवला. मी तेव्हापासून ठावठिकाणा बंद ठेवतो, शहर हातानं निवडतो, आणि मशिदीचं छापील वेळापत्रक भिंतीला लावलंय.)

पण मला सुधारलं तेही फोननंच. भटकळचे आणि केरळचे शाफई उस्ताद ऑनलाइन शिकवतात हे मला एका मित्रानं दाखवलं. दीड वर्ष रोज फजरनंतर अर्धा तास मी एकाच उस्तादांकडे एकच किताब पहिल्या पानापासून वाचली. तेव्हा कळलं की दादा जे करत होते त्यातल्या प्रत्येक गोष्टीला आधार आहे. दादांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, मला आधार माहीत नव्हता, मला माझ्या वडिलांची नमाज माहीत होती.

आपा, त्या मुलाला ओरडू नका. त्याला सड्यावर न्या.

---

कराडहून
१७ एप्रिल २०२४

ताई, आम्ही हनफी, घाटावरचे. चांदाचा प्रश्न आमच्याकडे मुंबई-पुण्याच्या घोषणेवर सुटतो. पण ग्रुपच्या नियमांबद्दल विचारलंत म्हणून आमचं सांगतो. आम्हाला ते नियम करावे लागले, हौसेनं नाही केले.

१० सप्टेंबर २०२३च्या रात्री आमच्या सातारा जिल्ह्यात, पुसेसावळीला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह पोस्टचं निमित्त, जमाव, मशिदीवर हल्ला, आणि एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. त्याआधी जूनमध्ये कोल्हापुरात स्टेटसवरूनच पेटलं होतं. त्या सप्टेंबरच्या दिवसांत नेट नव्हतं तेव्हा आमच्या गल्लीत पुन्हा जुनी पद्धत आली. एक माणूस घरोघर जाऊन सांगायचा, मूल बाहेर पाठवू नका, दूध इथून घ्या. आणि समोरच्या गल्लीतले आमचे शेतकरी शेजारी येऊन बसायचे. त्या आठवड्यात एकही अफवा माझ्या कानावर आली नाही. नेट सुरू झाल्याबरोबर एका तासात चाळीस आल्या.

तेव्हापासून आमच्या मशिदीच्या ग्रुपवर फक्त तिघे लिहू शकतात. फॉरवर्ड पूर्ण बंद. जे लिहायचं ते स्वतःच्या शब्दांत, खाली स्वतःचं नाव. दहावी-बारावीच्या मुलांना आम्ही जुम्याच्या नमाजानंतर बसवून सांगतो की तुमचं स्टेटस म्हणजे मोहल्ल्याच्या वेशीवरची पाटी आहे, ते तुमचं एकट्याचं नाही. मुलांना हे जाचक वाटतं, मला कळतं. दुसऱ्या कुणाची मुलं काहीही लिहितात आणि निभावून जातं, आमच्या मुलांचं नाही. हे त्यांना सांगताना घसा भरून येतो.

आणि आपल्यावरच्या फॉरवर्डचंही विसरू नका. २०२०मध्ये तबलिगींच्या नावानं महिनाभर काय काय फिरलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२०ला परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांच्या प्रचारावर कडक शब्दांत लिहिलं, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं सांगितलं. तो निकाल ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांची संख्या त्या व्हिडिओंच्या मानानं किती असेल? ज्यांनी हे सोसलं त्यांनी चांदाची खबर तरी तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये, असं मला वाटतं.

---

पंचांगवाल्यांची सून
१७ एप्रिल २०२४

मी हिंदू, गुहागरची. तुमच्या गावच्या पाडव्याच्या संध्याकाळचं वाचलं म्हणून लिहिते. आमच्याकडे सासऱ्यांकडे लोक अजून विचारायला येतात, एकादशी आज की उद्या? स्मार्त आणि भागवत वेगळ्या दिवशी आल्या की फोनमधलं कॅलेंडर एकच दाखवतं आणि सासूबाई दुसरी धरतात. दोन्ही बरोबर असतात. फोन फक्त तुम्ही कोण ते विचारत नाही. तुमच्या वडिलांना नमस्कार.

---

पुण्याची हाफिजा होणार
१८ एप्रिल २०२४

सगळे चाचा-भाऊ बोलले, आता एका बाईचं ऐका.

माझं माहेर म्हसळा, सासर पुणे. आमच्या गावात बायका मशिदीत जात नाहीत. बांग ऐकायची, घरात नमाज पढायची. मौलाना साहेबांचा बयान लाउडस्पीकरवरून अर्धा कळायचा, अर्धा वाऱ्यावर जायचा. मनात प्रश्न आला तर वडिलांना सांगायचं, ते मौलानांना विचारणार, उत्तर फिरून आपल्यापर्यंत येणार. कितीतरी प्रश्न असे असतात की वडिलांना सांगताच येत नाहीत. पाळीतले रोजे, बाळंतपणानंतरची नमाज. माझ्या आईनं आयुष्यभर हे अंदाजानं केलं.

लॉकडाउनमध्ये एका आलिमा आपांचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला. आम्ही ११ जणी, रोज दुपारी तीन ते चार. ३६व्या वर्षी मला कळलं की माझा "ऐन" चुकतोय, घशातून यायला हवा तो तोंडातून येतोय. त्या आपांनी चार महिने एकेक हरफ दुरुस्त करून घेतला. आज कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी (भागांपैकी) चार पाठ आहेत. आणि कुरआनचा मराठी तर्जुमा (अनुवाद) फोनवर उघडून मी आईला सूरह यूसुफ वाचून दाखवली. ६८ वर्षं आई ती सूरह अरबीत पढत होती. यूसुफच्या भावांनी त्याला विहिरीत टाकलं तिथं ती म्हणाली, "थांब, पुन्हा वाच." हे मला फोननं दिलं. ते मी कुणाला परत घेऊ देणार नाही.

पण हेही लिहिते. जानेवारी २०२२मध्ये, बुल्ली बाई प्रकरणात, मुसलमान बायकांचे फोटो लिलावासारखे मांडले गेले. त्याआधी २०२१च्या जुलैत सुल्ली डील्स होतंच. आमच्या वर्गातल्या अकराही जणींनी त्या आठवड्यात आपले फोटो काढून टाकले. आमच्यातली एक कॉलेजात शिकवते, तिनं आपला छोटा चॅनेल बंद केला. मराठीत मुलांना नबींच्या गोष्टी सांगायची, फार छान सांगायची. अजून सुरू केलेला नाही.

सड्यावरची ताई, तुमच्या नियमांच्या कागदावर एक गोष्ट घाला. खबर बायकांपर्यंत कशी पोचणार ते लिहा. तुमची फुफी सेहरीशिवाय राहिली, कारण दुरुस्तीची खबर रात्री आली आणि तिला उठवायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. पहिली खबर सगळे देतात.

---

खेडवाला २४
१८ एप्रिल २०२४

आपा, तरावीहचं लिहायचं राहिलं. मक्केच्या हरममध्ये (मोठ्या मशिदीत) २०२०पासून तरावीह दहा रकात (नमाजाची आवर्तनं) होते आणि रोज थेट दिसते. आमच्याकडची पोरं ते बघून दहा रकातींना उठून जातात, म्हणतात मक्केपेक्षा आपण मोठे का? वीस पढणारे म्हातारे मागं राहतात. चाचांनी शामचा चांद शामचा म्हटलंय, ते मी त्यांना यंदा वाचून दाखवणार.

---

सड्यावरची लेक
९ जून २०२४

सगळ्यांचे उपकार. चाचांचं लिहिलेलं मी छापून बाबांना दिलं. कुरैब यांची हकीकत त्यांना तोंडपाठ होती, तरी चष्मा लावून पूर्ण वाचली. मग म्हणाले, "हे मी त्या पोराला त्याच वेळी सांगायला हवं होतं. मला राग आला आणि मी गप्प बसलो." मला इतके दिवस वाटत होतं की त्यांना वाईट वाटलंय. ते स्वतःवर रागावले होते.

जमातीच्या बैठकीत कागद ठेवला. दोन तास वाद झाला. कुवेतचे लोक व्हिडिओवर होते, त्यांचं म्हणणं होतं की आम्ही तिकडे एक दिवस आधी ईद करतो, मुबारकबाद देणारच, आमची तोंडं बंद करू नका. ते बरोबर आहे. शेवटी असं ठरलं की २९व्या संध्याकाळी मगरिबपासून (सूर्यास्ताच्या नमाजापासून) जमातीच्या ग्रुपवर फक्त खतीब साहेब (मशिदीत खुतबा देणारे) आणि सेक्रेटरी लिहितील. बाहेरगावची खबर आली तर ती त्या गावाच्या नावासकट लिहायची, "केरळात चांद झाला, आपला निर्णय बाकी आहे" अशी. निर्णय झाला की आधी मशिदीतून पुकारायचा, मग ग्रुपवर. आणि पुण्याच्या ताईंचं कलम: मोहल्ल्याचे पाच भाग केले, प्रत्येक भागात दोन मुली घरोघर जाऊन सांगतील, रात्री कितीही वाजले तरी. केरळाबरोबर ईद केलेल्या तीन घरांपैकी दोघे बैठकीला आले, एक आलं नाही. त्यांच्याकडे मी स्वतः जाणार आहे.

परवा, ७ तारखेला, बकरी ईदच्या महिन्याचा चांद होता. पाऊस नुकताच लागलेला. सड्यावर शेवाळ धरायला सुरुवात झालीये, बाबांना नेऊ नये असं सगळ्यांचं म्हणणं होतं. ते ऐकेनात, म्हणून मी गेले त्यांच्याबरोबर, कितीतरी वर्षांनी. तो मुलगा आला नाही. त्याचा धाकटा भाऊ आला, आठवीतला. पश्चिमेला काळे ढग, समुद्र आणि आभाळ एकच झालं होतं. बाबांनी त्या पोराला सूर्य अंदाजे कुठं बुडाला असेल ते हातानं दाखवलं. अर्धा तास उभे राहिलो, भिजलो, काही दिसलं नाही. ग्रुप तोवर गप्प होता. खतीब साहेबांनी मुंबईला फोन करून कुणी पाहिला, किती जणांनी, कुठून, सगळं विचारून घेतलं, आणि इशानंतर (रात्रीच्या नमाजानंतर) मशिदीतून पुकारा झाला की चांद झाला, ईद १७ तारखेला. मग ग्रुपवर तेवढी एकच ओळ.

मशिदीत आता एक वही ठेवलीये. सड्यावर कोण उभं होतं, हवा कशी होती, दिसला की नाही. खतीब साहेब बाबांसमोर बसून नावं लिहीत होते. पाच पुरुषांची लिहिली, आठवीतल्या पोराचं लिहिलं आणि थांबले. बाबा म्हणाले, "माझी मुलगीही उभी होती. लिहा."